पंप कुलपात नको



मागच्या जानेवारीत आमच्या गटातल्या एका आक्कांच्या नातीला शाळेत दम लागला. पोरगी तिसरीत. सव्वीस जानेवारीची कवायत चालली होती. पलीकडच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि सकाळीच तिथं पाचट पेटवलं होतं. पोरगी आधी नुसती खोकत होती. बाईंना वाटलं, कवायतीचा कंटाळा आलाय. त्यांनी तिला पाणी पिऊन सावलीत बसायला सांगितलं. थोड्या वेळानं बघतात तर पोरगी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकलेली, खांदे वरखाली होतायत, आणि काय होतंय म्हणून विचारलं तर एका शब्दापुढं बोलता येईना. तिचा पंप शाळेतच होता. पण तो मुख्याध्यापकांच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं, आणि मुख्याध्यापक किल्ल्या खिशात घेऊन केंद्रशाळेच्या बैठकीला गेले होते.

कुलूप दगडानं तोडलं. पंप हातात आला, पण तो कसा द्यायचा हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अर्धा फवारा तोंडाबाहेर गेला. १०८ ला फोन केला, गाडी आली, दवाखान्यात वाफ दिली, पोरगी वाचली. आज ती चौथीत आहे आणि खो-खो खेळते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघीजणी शाळेत गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरीला दमा आहे असं तुमच्यापैकी कुणी मला कधी सांगितलं होतं का?" आम्ही आक्कांकडं बघितलं. आक्का जमिनीकडं बघायला लागल्या. शाळेत त्यांनी एवढंच सांगितलं होतं की पोरीचा सर्दीचा कोठा आहे. पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला होता आणि "लईच झालं तर द्या" म्हणून सांगितलं होतं. दमा हा शब्द तोंडातून काढला नव्हता. का, तर मुलीची जात, उद्या लग्नाला अडायला नको.

ही काही एकट्या आक्कांची गोष्ट नाही. दम्याचं पोर शाळेत रोज पाच-सहा तास असतं. तेवढा वेळ त्याचा श्वास गुरुजींच्या नाहीतर बाईंच्या हाती असतो, आणि त्यांना मात्र आपण अर्धवट सांगतो. म्हणून आज दम्याबद्दल आणि शाळेबद्दल बोलायचं ठरवलं आहे.

त्यानंतर आम्ही आजूबाजूच्या गावांतल्या शाळांत जाऊन शिक्षकांशी बोललो. भांडायला नाही, विचारायला. बहुतेकांना पोरांची काळजी होती, पण दम्याबद्दलची समज आपल्यासारखीच होती, ऐकीव. एका सरांनी दम्याच्या पोराला वेगळ्या बाकावर बसवलं होतं, इतरांना लागू नये म्हणून. दमा लागत नाही. तो टीबीसारखा एकाचा दुसऱ्याला होत नाही. घराण्यात चालत येतो, ते खरं. एका बाईंनी पोराचं पळणं-खेळणं पार बंद करून टाकलं होतं. एकांचं म्हणणं, पंपाची सवय लागते, म्हणून शक्य तेवढं थांबायचं. आणि जवळजवळ सगळ्यांच्या मनात एक भीती होती, ती त्यांनी उशिरा बोलून दाखवली. औषध आम्ही द्यायचं आणि काही कमीजास्त झालं तर गाव आमच्याच अंगावर येणार. ही भीती खोटी नाही. आम्हीच नव्हतो का गेलो भांडायला?

आता दमा म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या छातीत श्वासाच्या नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या, पुढं पुढं बारीक होत जाणाऱ्या. दम्याच्या पोराच्या नळ्या नाजूक असतात. धूर, धूळ, थंड हवा, सर्दी असलं काही निमित्त झालं की तीन गोष्टी एकदम होतात. नळी आतून सुजते, बाहेरचे स्नायू तिला आवळतात आणि आत चिकट बेडका धरतो. ठिबकच्या नळीत क्षार धरला की पाणी कसं अडतं, तशी हवा अडते. आत कशीबशी जाते, बाहेर पडताना जास्त अडते, म्हणून श्वास सोडताना सुंईसुंई वाजतं. औषधानं नळी परत मोकळी होते, आणि दोन तासांनी तेच पोर अंगणात हुंदडत असतं. शिक्षकांचा इथंच घोटाळा होतो. सकाळी मरायला टेकलेलं पोर दुपारी खेळतंय, म्हणजे नाटक करत होतं, असं वाटतं. नाटक नसतं. दम्याचा स्वभावच तसा आहे, येतो आणि जातो, पण पूर्ण सोडून जात नाही. नळ्यांची सूज आत थोडी थोडी राहतेच.

आणि दमा म्हणजे दर वेळी धापच असते असंही नाही. काही पोरांना नुसता कोरडा खोकला येतो. पळल्यावर, खूप हसल्यावर, पहाटे. रात्रभर खोकलेलं पोर वर्गात पेंगतं, मग ते आळशी ठरतं. वरचेवर गैरहजर राहतं, मग घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही असं होतं. गुरुजींनी हे ओळखलं तर निदान व्हायच्या आधीच पोर दवाखान्याच्या वाटेला लागेल. वर्षातून एकदा शाळेत डॉक्टरांची गाडी येते ना तपासणीला, ती २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. त्यांच्या यादीत ३० व्याधी आहेत आणि श्वासनळ्यांचा हा त्रास त्यातला एक आहे. पण तपासणीच्या दिवशी पोर बरं असलं तर डॉक्टरला काय दिसणार? शिक्षकांनी आणि आईनं सांगायला पाहिजे की हे पोर रात्री खोकतं.

आता पंपाबद्दल. गोळी साधी आणि पंप जड, असं आम्हीही समजत होतो. हिशोब बघा. दम मोकळा करणाऱ्या औषधाचं नाव साल्ब्युटामॉल. पंपाच्या एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम असतं. त्याच औषधाची लहान गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. एका गोळीत वीस फवाऱ्यांचं औषध! गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगात फिरते, मग थोडंसं छातीपर्यंत पोचतं. फवारा थेट नळीत जातो आणि पाच-दहा मिनिटांत काम करतो. तेव्हा जड कोण आणि हलकं कोण ते तुम्हीच ठरवा. फवाऱ्यानं हात थोडे थरथरतात, छातीत धडधडतं, पण ते थोड्या वेळानं आपोआप जातं. सवय म्हणाल तर चष्म्याची लागते तशी. नजर कमी असते म्हणून चष्मा लागतो, चष्म्यानं नजर कमी होत नाही. हा पंप निघाला १९५६ साली अमेरिकेत, आणि तोही एका पोरीमुळं. औषध कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का होत नाही, असं तिनं बापाला विचारलं, आणि त्यातून ही डबी आली.

पंप दोन तऱ्हेचे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक दम लागल्यावर घ्यायचा, बहुतेक वेळा निळा. दुसरा रोज घ्यायचा, दम नसला तरी, नळ्यांची सूज उतरवायला. त्यात अगदी थोडं स्टिरॉइड असतं. तो घेतल्यावर चूळ भरायची, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायचा नाही. त्याचा गुण यायला आठवडे लागतात, म्हणून दम लागल्यावर एकटा तो मारून उपयोग नाही. पोराला निळाच वरचेवर, आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर आतली सूज वाढली आहे, डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. रंग कंपनीप्रमाणं बदलतो, म्हणून आक्कांनी आता दम लागल्यावरच्या पंपाला लाल दोरा बांधला आहे. शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, लाल दोऱ्याचा द्यायचा.

नुसता पंप तोंडात धरून दाबला तर लहान पोराच्या घशावरच औषध बसतं. मध्ये स्पेसर लागतो, म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ नळी. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला पोराचं तोंड. तो महाग वाटला तर एक सांगतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा स्पेसर करून दम्याच्या मुलांवर तपासला आणि १९९९ साली छापलं की तो विकतच्याइतकाच चालतो. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवायचा, फट चिकटवून बंद करायची, आणि पोरानं बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. आम्ही आमची बाटली आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून आणली, तुम्हीही दाखवा. अधूनमधून साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि तशीच वाळू द्यायची, फडक्यानं पुसायची नाही.

काही पोरांना पावडरच्या कॅप्सूल देतात, यंत्रात घालून ओढायच्या. आमच्यातली एक ताई ती कॅप्सूल पोराला पाण्याबरोबर गिळायला देत होती, चार महिने! हसू नका. तिला कुणी दाखवलंच नव्हतं. आणि भर दमात लहान पोराला ती पावडर ओढायला जोर राहत नाही, तेव्हा शाळेसाठी फवाऱ्याचा पंप आणि स्पेसरच मागून घ्या.

आता शाळेत दम लागला तर काय करायचं. हे नीट वाचा आणि शिक्षकांनाही वाचून दाखवा.

पोराला बसवायचं, आडवं करायचं नाही. थोडं पुढं झुकून बसलं तर बसू द्यायचं. गराडा घालायचा नाही, धुरातून आणि धुळीतून बाजूला न्यायचं, आणि मोठ्या माणसानं जवळ थांबायचं. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक फवारा मारायचा, पोरानं त्यातून चार श्वास घ्यायचे. मग दुसरा फवारा, परत चार श्वास. असे चार फवारे. एकदम चार दाबायचे नाहीत. मग चार मिनिटं थांबायचं. आराम नाही पडला तर परत चार. ऑस्ट्रेलियातल्या शाळांत शिक्षकांना हे चार-चार-चार असंच पाठ करायला लावत. तुमच्या डॉक्टरांनी पोरासाठी वेगळा आकडा लिहून दिला असेल तर तो धरायचा. दुसऱ्या खेपेनंही फरक नाही तर १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत फवारे तसेच चालू ठेवायचे.

पण काही खुणा दिसल्या तर चार मिनिटांची वाटही बघायची नाही, फवारा आणि फोन बरोबरच. पोराला एक वाक्य पुरं बोलता येत नाही. गळ्याखालचा खड्डा आणि बरगड्यांमधली जागा दर श्वासाला आत ओढली जाते. ओठ, नखं निळसर पडतात. पोर गुंगीत जातं. आणि एक खूण फार फसवी आहे. आधी छाती वाजत होती, आता आवाज थांबला, पण पोर मलूलच आहे. बाया म्हणतात, चला, उतार पडला. उतार नसतो. वाजायलासुद्धा हवा हलत नाही, असा त्याचा अर्थ असतो.

दम लागलेल्या पोराला "जा घरी" म्हणून एकटं पाठवायचं नाही, मोरीवर एकटं सोडायचं नाही, भावंडाबरोबरसुद्धा नाही. उकळत्या पाण्याची वाफ शाळेत द्यायची नाही, त्यानं नळ्या मोकळ्या होत नाहीत आणि पोरं भाजतात. खोकल्याचं औषध इथं काही करत नाही. आणि दमा आहे की नाही अशी शंका असली, पण पोराला आधी पंप लिहून दिलेला असला, तर थांबू नये. दमा नसताना चार फवारे गेले तर थोडी धडधड होईल. दमा असताना गेले नाहीत तर काय होईल ते आम्ही बघितलं आहे.

बायांनो, आता आपल्या अंगावर येणारी गोष्ट. आमच्या शाळेतली खिचडी आमचाच गट शिजवतो. गॅस संपला की आम्ही चूल मांडत होतो, कुठं, तर वाऱ्याला आडोसा म्हणून तिसरीच्या खिडकीखाली. ज्या वर्गात ती पोरगी बसते त्याच. कित्येक दिवस आम्ही तिला धूर पाजला आणि गुरुजींना बोल लावायला गेलो. आता दुसरी टाकी भरून ठेवतो, आणि अगदीच वेळ आली तर चूल मैदानाच्या पलीकडच्या कडेला.

शाळेत बाकीही निमित्तं असतात. झाडू मारताना पोरंच वर्ग झाडतात, धुळीचा लोट उठतो. आधी पाणी शिंपडायचं, आणि दम्याच्या पोराला त्या वेळी बाहेर ठेवायचं. डस्टर वर्गाबाहेर झटकायचं, आणि तेही त्याच्याकडून नाही. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला बुरशी येते, तिथं त्याला टेकून बसवायचं नाही. कुंपणाजवळचं गाजर गवत फुलाला यायच्या आत उपटायचं. १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आता कुठं नाही असं गाव सापडत नाही. उपटताना हाताला पिशव्या बांधा, अंगाला खाज सुटते. आणि पाचट. ते न जाळता कुजवलं तर जमिनीलाही चांगलं, हे आता सगळे सांगतात. पण ज्याला जाळायचंच आहे त्यानं निदान शाळा सुटल्यावर जाळावं, एवढं ग्रामसभेत बोलायला हरकत काय?

खेळाचं विचाराल तर दम्याच्या पोराला खेळू द्या. एकदम पळायला न लावता आधी थोडं चालणं, हलकं पळणं असं अंग गरम करून घ्यायचं. पळाल्यावरच दम लागत असेल तर खेळाआधी पंप घ्यायचा का ते डॉक्टरांना विचारायचं. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी बसू दे. रोजच बसवलं तर पोर मनानं खचतं, आणि इतर पोरं त्याला म्हाताऱ्या म्हणायला लागतात. ही चिडवाचिडवी गुरुजींनी पहिल्याच दिवशी मोडायला हवी, कारण चिडवलेलं पोर चारचौघांत पंप काढायला लाजतं आणि दम लपवतं.

उपाय सांगणारे गावात पुष्कळ असतात. मृगाला हैदराबादला जाऊन माशाचं औषध घेऊन आलेली माणसं आमच्याकडंही आहेत. श्रद्धेला आम्ही नावं ठेवत नाही, पण त्यानं दमा बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि तिकडं जाऊन आलं म्हणून पंप बंद करणं धोक्याचं आहे. तसंच केळं बंद, दही बंद, पेरू बंद. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पोराचं खाणं तोडू नका.

मग शाळेशी आपण काय ठरवलं? शिक्षकांच्या भीतीवर उतारा एकच, लिहून देणं. आमच्या शाळेत आता एक साधा कागद आहे. पोराचं नाव, दम कशानं लागतो, पंप कुठला, किती फवारे, डॉक्टरचं नाव, आईचा आणि आणखी एकाचा फोन नंबर. खाली आईबापाची सही की अशा वेळी शिक्षकांनी पंप द्यावा, आमची संमती आहे. डॉक्टरांची सही मिळाली तर फारच चांगलं. एक प्रत वर्गात, एक मुख्याध्यापकांकडं. शाळा व्यवस्थापन समितीत आपण हे मांडलं. त्या समितीत पाऊण सदस्य पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात, असं शिक्षणहक्क कायद्यातच लिहिलं आहे, तेव्हा तिथं नुसतं सहीपुरतं जाऊ नका. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी येऊन एका शनिवारी सगळ्या शिक्षकांना आणि आम्हा खिचडीवाल्यांना पंप हातात धरायला लावला. पहिल्यांदा सगळ्यांचाच फवारा हवेत गेला, गुरुजींचासुद्धा.

दसरा-दिवाळीनंतर तोडीला जाणाऱ्या घरांनी हा कागद बरोबर न्यावा. तिकडच्या शाळेत पोराला कुणी ओळखत नाही, आणि फडावर धूळ आणि पाचटाचा धूर दोन्ही असतं. सहा महिन्यांचे पंप निघायच्या आधीच आणून ठेवा.

आणि पंप आता कपाटात नाही. तिसरीच्या, म्हणजे आता चौथीच्या वर्गात दाराच्या आतल्या बाजूला, पोराचा हात पोचेल अशा उंचीवर खिळा मारला आहे. त्याला कापडी पिशवी, पिशवीत लाल दोऱ्याचा पंप, बाटलीचा स्पेसर आणि तो कागद. मैदानावर वर्ग गेला की पिशवी बरोबर जाते. उन्हाच्या खिडकीत ती ठेवायची नाही. डबीत दोनशे फवारे असतात. ती पाण्यात टाकून तरंगते का बघायची जुनी पद्धत चुकीची आहे, मोजणीचा आकडा डबीवर नसेल तर कागदाच्या मागं रेघा मारायच्या. जूनमध्ये शाळा उघडली की आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, असं दोनदा तारीख संपली आहे का ते बघायचं. आमच्या शाळेत हे काम आक्कांनी स्वतःकडं घेतलं आहे, नातीचंच नाही, शाळेतल्या तिन्ही पोरांचं.